पुरुष, वय बासष्ट, नाव काढून टाकलेले

डलूथ, मिनेसोटा
रविवार सकाळ

प्रिय ड्वेनदादा,

धाकट्याचा तुला नमस्कार, आणि कॅरलवहिनींना रोंडाचा व माझा दोघांचा. तिकडे सगळं ठीक आहे असं धरून चालतो, कारण नसलं तरी तू सांगणार नाहीस. बीटची काढणी आटोपली का? तुझ्या गुडघ्याचं काय? वहिनींना म्हणावं, मुरांबा पोचला आणि संपलाही (रोंडाने संपवला, मी साखर खात नाही हे त्यांना ठाऊक आहे तरी दर वर्षी पाठवतात). माझी तब्येत उत्तम. फक्त थंडी पडली की उजव्या बरगडीतला तुझा छर्रा ठसठसतो. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला मी मध्येच उठून उभा राहिलो असं तू आजही म्हणतोस. माणूस फेझंटपेक्षा पुष्कळ मोठा दिसतो असं मी आजही म्हणतो. असो, तो वाद या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलं होतं.

तर गेला आठवडाभर मी मिनियापोलिसला शाळेत होतो. हसू नकोस. आम्हा डॉक्टरांना दर थोड्या वर्षांनी शिक्षणाचे ठराविक तास भरून दाखवावे लागतात. आजवर मी ते फ्लॉरिडात, समुद्रकाठच्या हॉटेलात, मागच्या रांगेत बसून, अर्धे डोळे मिटून भरले. पण आता आमच्या हॉस्पिटलने फर्मान काढलं की हृदयाचे सीटी स्कॅन ज्याला वाचायचे असतील त्याने रीतसर कोर्स करावा, शिक्षकासमोर बसून केसेस वाचाव्यात, परीक्षा द्यावी आणि मगच सही ठोकावी. म्हणजे बघ, उभा जन्म हृदयं बघण्यात गेला, आणि आता माझ्या हाताखाली शिकलेली पोरं स्कॅन वाचणार आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार. मी ताडकन नाव नोंदवलं. जाताना रोंडा म्हणाली, तिथे शहाणपणा पाजळू नकोस. मी म्हटलं, मी काय लहान आहे का? (हे वाक्यही आता आठवलं की अंगावर काटा येतो.)

वर्ग म्हणजे एक अंधारी खोली, प्रत्येकापुढे मोठाले पडदे आणि समोर भिंतभर एक. शिकवणाऱ्या बाई डॉ. फिलिस ऑर्टमन. रेडिओलॉजिस्ट, बुटक्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज असा की खाली बसलेला माणूस उठून उभा राहावा. त्यांची एकच शिस्त: स्कॅन वाचताना बाहेरून आत यायचं. आधी कातडी, मग बरगड्या, मग फुप्फुसं, मणका, आणि सगळ्यात शेवटी हृदय. कारण आम्ही हृदयवाले, त्यांच्या मते, हृदय दिसलं की तिथेच झडप घालतो आणि शेजारी फुप्फुसात गाठ बसलेली असली तरी आम्हाला दिसत नाही. मला हा अपमान वाटला. मी वहीत काही लिहिलं नाही.

माझ्या शेजारी वॉसॉ गावचा बर्नी स्कोपेक. तोही हृदयवालाच, पण त्याला बघून तुझा विश्वास बसायचा नाही. टेकवून ठेवलेल्या पोत्यासारखा खुर्चीत बसायचा, खिशात तळलेल्या चीजचा पुडा, आणि भर व्याख्यानात कुरुमकुरुम. दुपारी जेवणात मी माझा भाजीपाला चावत असताना हा माणूस लोण्यात परतलेल्या बर्गरवर आणखी लोणी मागायचा. मी त्याला एकदा सभ्यपणे म्हटलं, बर्नी, तू पेशंटना काय सांगतोस? तो म्हणाला, त्यांना मी तुझ्याकडे पाठवतो, लायल, तू त्यांची भूक मारशील.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, यंत्र कसं चालतं ते दाखवायला कोणी आत झोपणार का? रंगद्रव्य न टोचता काढलेलं साधं स्कॅन, सुई नाही, फक्त धमन्यांत कॅल्शियम किती साचलंय ते पांढरं उमटतं. माझा हात सगळ्यांच्या आधी वर. दादा, खरं सांगतो, माझ्या मनात एकच होतं: यांना एकदा स्वच्छ हृदय कसं दिसतं ते बघू दे. रोज सकाळी तळ्याकाठी धावणारा, ओट्स खाणारा, सिगारेटला हात न लावलेला माणूस यांना कुठे मिळणार? दुसरा हात स्कोपेकचा. तो म्हणाला, आडवं पडायला मिळतंय तर का सोडा. आम्ही दोघांनी कागदावर सह्या केल्या. आमची चित्रं नाव काढून सरावाच्या केसेसमध्ये घालायला हरकत नाही असं त्यात लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. पेशंट न वाचता सही करतात म्हणून मी ओरडतो ते तुला माहीत आहेच.

बुधवारी प्रत्येकाने उभं राहून भिंतीवरच्या पडद्यावर एक केस वाचायची होती. कोणाला कोणती केस येईल ते यंत्र ठरवतं. माझ्या वाट्याला आलं: पुरुष, वय बासष्ट, बस्स. मी उभा राहिलो, कोट सारखा केला, आणि बाहेरून आत वगैरे काही न करता सरळ हृदयावर गेलो. बाहेर बघण्यासारखं राहिलंच नव्हतं. समोरची मुख्य धमनी पांढरीफटक. दुसरी तशीच. कॅल्शियमच्या मोजणीचा आकडा आला तो हजाराच्या जवळचा. (तुला सांगायला म्हणून सांगतो, शून्य असावा. शंभर झाला तरी मी पेशंटला खुर्ची देतो.) आणि दादा, मग माझ्या जिभेला काही हाडच राहिलं नाही. मी म्हटलं, हे गृहस्थ सोफ्यावरून उठत नसावेत. यांच्या घरात बेकनचा वास पडद्यांना बसलेला असेल. यांचा डॉक्टर कोण आहे, त्याला कानाला धरून या वर्गात आणलं पाहिजे. वर्ग हसला. मला आणखी चेव आला. मी म्हटलं, उत्तरेला शेतावर माझा थोरला भाऊ आहे, तो गेली कित्येक वर्षं माझं ऐकत नाही, त्याचं हृदय उघडलंत तर असंच दिसेल. दादा, मी हे बोललो. भरल्या वर्गात बोललो.

बाई शांतपणे म्हणाल्या, झालं? मी म्हटलं, झालं. त्या म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही चित्र हृदयाएवढंच कापून ठेवलंय, जरा मोठं करा, बाहेर काही आहे का बघा. मी चित्र मोठं केलं. बरगड्या आल्या. उजवीकडे मागे, बरगडीच्या काठाला, लख्ख पांढरा एक ठिपका, त्याच्या भोवती किरणं फुटलेली. बाई म्हणाल्या, हे धातूचं आहे, या माणसाला कधीतरी कोणीतरी गोळी घातलीय, आणि आपण त्याच्या बेकनबद्दल बोलतोय. पुन्हा हशा. स्कोपेक मागून म्हणाला, बायकोने घातली असेल, डाएट सांगून सांगून डोकं खाल्लं असेल. मीही हसलो. हसता हसता माझा हात आपोआप उजव्या बरगडीवर गेला आणि तिथेच राहिला.

बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचाही चेहरा उतरला, कारण आमची दोघांची चित्रं त्या स्वतः आधी बघून, आम्हाला बाजूला घेऊन सांगणार होत्या, आणि कोणीतरी ती आधीच सरावाच्या केसेसमध्ये ढकलली होती. मग मी काय केलं असेल? वाद घातला. म्हटलं, धातूची चमक पसरते, हे शास्त्र आहे, त्या छर्र्यामुळेच धमन्या पांढऱ्या दिसत असतील. बाई म्हणाल्या, डॉक्टर, छर्रा बरगडीत आहे, हृदय तिकडे आहे. मी म्हटलं, चित्रांची अदलाबदल झाली असेल. त्या म्हणाल्या, बरगडीत छर्रा असलेला दुसरा कोणी आहे का वर्गात? कोणी हात वर केला नाही. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय, पुन्हा काढा. हीच तिन्ही वाक्यं पेशंट माझ्यासमोर बसून ह्याच क्रमाने बोलतात, आणि मी मनात म्हणतो, काय माणूस आहे.

आणि स्कोपेकचा आकडा किती आला असेल? शून्य. धुतल्या तांदळासारखं हृदय, त्या चीजखाऊ, लोणीखाऊ माणसाचं. मला अजून हे पटत नाही. मी रात्रंदिवस हिशेब मांडतोय की मी कुठे चुकलो, आणि उत्तर येत नाही. तो बिचारा मात्र इतका ओशाळला की त्याने चीजचा पुडा खिशात घातला तो घातलाच. दुपारी जेवताना सवयीने माझ्यापुढे बर्गरचा एक तुकडा केला, मग काय केलं हे लक्षात येऊन हात मागे घेतला, आणि नॅपकीनने डोळे पुसले. मला त्याचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी वाटलं की याच्या खांद्यावर डोकं ठेवावं.

बाईंनी मला बाहेर नेलं, पाणी दिलं. विचारलं, धावताना काही होतं का? मी म्हटलं, छे. त्यांनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. मग मी म्हटलं, चढावर हल्ली थोडा मंदावतो, बुटांमुळे. बूट बदलले का? हो, बदलले. मग? मग वारा असतो तळ्यावरचा. त्या म्हणाल्या, असा पेशंट तुमच्याकडे आला तर काय कराल? मी म्हटलं, त्याच आठवड्यात धमन्या आतून बघायला लावेन, एक दिवसही न दवडता. त्या म्हणाल्या, मग? मी म्हटलं, शुक्रवारी परीक्षा आहे. दादा, मला त्या क्षणी खरोखर तेवढंच सुचलं. परीक्षा मी दिली. पास झालो. आता माझ्याकडे चौकटीत घालण्याजोगं प्रमाणपत्र आहे की हा गृहस्थ कोणाचंही हृदय अचूक वाचू शकतो.

बाबा बीटच्या शेतात ट्रॅक्टरवरच हृदय बंद पडून गेले तेव्हा एकोणसाठचे होते. मी साठ पूर्ण केली त्या दिवशी मला वाटलं, चला, सुटलो आपण, ते वय मागे पडलं. तुला फोनवर मी हे बोललो नव्हतो, पण केक कापताना मनात तेच होतं. आता कळतंय की इतकी वर्षं मी तळ्याकाठी कशाच्या पुढे धावत होतो. असो. काळजी करण्यासारखं काही नाही. आजकाल या गोष्टी अगदी सोप्या झाल्यात, मीच लोकांना सांगतो. बर्फ पडायच्या आत छताच्या पन्हळी साफ करून घे आणि वहिनींना पुन्हा नमस्कार सांग.

तुझा
लायल

ता. क. येत्या गुरुवारी मनगटातून नळी घालून माझ्या धमन्या बघणार आहेत, मिनियापोलिसलाच. बरोबर घरचं कोणी असल्याशिवाय ते दारातही घेत नाहीत. रोंडाला मी कोर्सचा दुसरा भाग आहे असं सांगितलंय, तिला उगाच कशाला घोर. तेव्हा तू ये. पत्र लिहायचं कारण एवढंच होतं, बाकीची पानं मी हात चालत होता म्हणून लिहिली.

आणखी एक. बाबांनी जे दिलं ते एकट्या मलाच दिलं असेल असं समजू नकोस. त्याच दिवशी, त्याच मजल्यावर, साध्या स्कॅनसाठी तुझं नाव मी लिहून दिलंय. नाही म्हणू नकोस. तुझा आकडा शून्य आला तर बेकन मी स्वतः तळून वाढेन, आणि वर्गात जे बोललो त्याची माफी त्याच ताटावर मागेन.

ड्वेनदादा, हे रोंडा लिहितेय. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलं, आणि आजवर त्याची पत्रं मी कधी वाचली नव्हती, हे वाचलं. मला बुधवारपासून ठाऊक आहे. त्या ऑर्टमनबाईंनी गुरुवारसाठी कोणाला फोन करावा असं विचारलं तेव्हा गोंधळात त्याने घरचाच नंबर दिला, आणि त्यांचा फोन मीच उचलला. गाडी मी चालवणार आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही बुधवारी रात्री मुक्कामालाच या, कॅरलवहिनींनाही आणा. त्याने सगळं गमतीत लिहिलंय. पण हे टेबल न्याहारीचं आहे, मी समोरच बसले होते, आणि लिहिताना तो सारखा थांबून बाहीने डोळे पुसत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला तर म्हणाला, काही नाही, दादाला लिहितोय.