फ्यूज बॅटरीपाशी

बाबा, आज दुकानात एक कार आली होती. मालक तिशीतला, डिकीत दोन मोठे वूफर बसवून हवे होते आणि घाईत होता. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत तार ओढताना त्यानं विचारलं, फ्यूज मागंच, अॅम्प्लिफायरजवळ बसवला तर काय बिघडतं, हाताशी राहील. मी तोंड उघडायच्या आधी मला तुमचाच आवाज आला. म्हणून लिहायला बसले.

दुष्काळाच्या त्या वर्षी तुमचे हात थरथरायला लागले होते आणि श्रीरामपुरातल्या आपल्या लाउडस्पीकरच्या दुकानातलं तारांचं काम माझ्याकडे आलं होतं. हिचं लग्नाचं वय उलटत चाललं असं नातेवाईक म्हणायचे, आणि मी जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभी असायची. पाथर्डीकडे दुष्काळी कामांवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचायला पथक जायचं होतं. लोकांना बोलावण्यासाठी जीपवर दोन कर्णे आणि आत अॅम्प्लिफायर बसवायचा होता. मीही तेव्हा फ्यूज असाच हाताशी, अॅम्प्लिफायरजवळ लावला. तुम्ही वाकून पाहिलंत. "हा फ्यूज अॅम्प्लिफायर वाचवील. गाडी कोण वाचवणार?" मला राग आला. मग तुम्ही शांतपणे सांगितलंत, की बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कुणाचीच राखण नसते. ती मधेच कुठं पत्र्याला टेकली तर बॅटरीची सगळी ताकद तिच्यातून धावेल आणि तार पेटेल. मी सगळं उसवलं आणि फ्यूज बॅटरीला लागूनच बसवला. तुम्ही मान हलवलीत, चहा मागवलात.

पथकाबरोबर आपण दोघंही गेलो. तो रस्ता मला अजून दिसतो. नुसते खड्डे आणि फुफाटा. पाथर्डीच्या अलीकडे कर्णे एकाएकी गप्प होतात. ड्रायव्हर गाडी थांबवतो, मी बॉनेट उघडते. फ्यूज उडालेला. समोर खडी फोडणाऱ्या लोकांची सुट्टी झालेली, बायका पाट्या उचलून घराकडं वळायला लागलेल्या. ड्रायव्हर खिशातून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढतो, म्हणतो फ्यूजच्या जागी हा गुंडाळा, लगेच वाजंल. मी नको म्हणते. फ्यूज उगाच उडत नाही, कारण सापडल्याशिवाय दुसरा लावणार नाही. तो माझ्याशी वाद घालत नाही. तो तुमच्याकडे वळतो. "मालक, तुमी तरी सांगा. लोकं निघाली."

तुम्ही पुढच्या सीटवरून उतरला नाहीत. "काम तिचं हाय," म्हणालात. "ती म्हणंल तवा गाडी निघंल."

मी आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली आणि तार बोटांनी चाचपत गेले. इंजिन आणि ड्रायव्हरचे पाय यांच्यामधल्या पत्र्याला जे भोक होतं, तिथं धक्क्यांनी तार घासून उघडी पडली होती. चांदीचा कागद लावला असता तर ती ड्रायव्हरच्या पायाशीच पेटली असती, आणि मागं पेट्रोलचा डबा होता. मी त्याला उघडं तांबं दाखवलं. टूलबॉक्समधून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्यानंच काढून दिला. त्याचं अस्तर त्या भोकाला लावलं, तार बदलली, हलू नये म्हणून बांधली, मग नवा फ्यूज. कर्णे वाजले तेव्हा लांब गेलेल्या बायका थांबल्या आणि माघारी फिरल्या. अंधार पडेपर्यंत टोचणं चाललं होतं.

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की तुम्ही "पोरगी येईल" एवढंच सांगायचात, आणि कुणाला ते पटलं नाही तर दुसरं दुकान दाखवायचात. हे दुकान मी तेव्हापासून चालवते आहे, चांगलं चालवते आहे. आजच्या माणसालाही फ्यूज बॅटरीपाशीच लावून दिला. त्यानं का म्हणून विचारलं, तेव्हा बॉनेटपाशी उभं करून सगळं समजावलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, माहीत आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. काम झाल्यावर मी त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसले आणि आवाज पूर्ण वाढवायला सांगितला. काचा थरथरत होत्या, छातीत दणके बसत होते. तुम्ही याला गोंगाट म्हणाला असतात. बाबा, मला फार आवडतं ते.