चिंगीसाठी घर तपासताना

११ जानेवारी, रविवार
सेक्रेटरीने नोटीस लावली. "बी विंगच्या जिन्याखालची कुत्री महिनाअखेर हटवावी." खाली सही, शिक्का. शुद्धलेखनाच्या तीन चुका, त्या पेनाने दुरुस्त करून आले. कुत्री म्हणजे चिंगी. तांबडी, डाव्या कानाला नसबंदीच्या वेळची खाच. आजवर कुणाच्या अंगावर गेलेली नाही. सेक्रेटरीबद्दल हे म्हणता येणार नाही.
संध्याकाळी टोरोंटोहून मुलाचा फोन. "आई, तू ठेवून घेऊ नकोस हं. तुझे गुडघे." मी कुठे म्हटलं ठेवते म्हणून. चांगलं घर शोधायचं, एवढंच.

१३ जाने.
भटकी कुत्री लोकांना देताना भरून घेते तो जुना फॉर्म काढला. चौदा प्रश्न. घर पाहिल्याशिवाय मी कुत्रं देत नाही, आणि पाहून झालं की फॉर्मवर लाल पेन्सिलीने दहापैकी मार्क. शाळेत सिस्टर निबंधांना द्यायच्या. मी माणसांना देते.

१७ जाने., शनि.
सुगंधा आमचे जिने झाडते-पुसते. मोरवा गावची, पिढ्यान् पिढ्या तिथलीच. चिंगी तिच्या बादलीमागून मजले उतरते. आज हात पदराला पुसत म्हणाली, "बाई, ती कुत्री मला द्या."
नियम तो नियम. दुपारी तिच्याबरोबर मोरव्याला गेले. एक खोली, पुढे ओटा, दार सताड उघडं, पाच पावलांवर उत्तनचा रस्ता.
"दिवसा घरी कोण असतं?"
"कोन न्हाय. सकाळच्याला निघते ती चारला येते. मालक गेले, पोरगी सासरी."
"मग कुत्री कुणाजवळ राहणार?"
"राहील की. घर हाय, ओटा हाय."
मार्क ४. तिच्यासमोरच लिहिले. लपवाछपवी मला जमत नाही.

२० जाने.
मिसेस केतकर, पलीकडच्या टॉवरमध्ये, अकरावा मजला. ग्रिल, झोपाळा, बाल्कनीत प्लॅस्टिकचं गवत. बाई माझ्यासारख्याच कॉन्व्हेंटमधल्या. चौदाही उत्तरं पूर्ण वाक्यांत, स्पेलिंगची एक चूक नाही. मुलगी आठवीत. तिने नावसुद्धा ठरवलंय, बेला. कुत्रीसाठी नवीन गादी आणून ठेवलेली. कॉफी उत्तम.
मार्क १०. याआधी कुणालाच दिले नव्हते.

२२ जाने.
चिंगी गेली. लिफ्टमध्ये शिरेना, शेवटी मि. केतकरांनी उचलली. सुगंधा माझ्याबरोबर आली होती, निरोप द्यायला. "तिला लिफ्टची सवय न्हाय," एवढंच बोलली. मी म्हटलं, होईल.
सेक्रेटरीने आभार मानले. मी स्वीकारले नाहीत.

८ फेब्रु., रवि.
मिसेस के.चा मेसेज. "सॉरी आंटी, काल दार उघडं राहिलं आणि बेला पळाली." काल पळाली, कळवलं आज, जेवणं आटोपून.
गुडघ्यांना धावता येईल तितकं धावत गेले. अकराव्या मजल्यावरून पळाली म्हणे. लिफ्टचं बटण दाबून गेली असेल. मिसेस के. रडल्या. रुमाल इस्त्रीचा होता. मुलगी खोलीतून बाहेरच आली नाही.
खाली त्यांच्या वॉचमनला विचारलं. आधी इकडेतिकडे पाहिलं त्याने. मग, "भागी नहीं मैडम. साब लोग गाड़ी में ले गए थे, उत्तन साइड. गद्दी भी साथ में थी."
"फिर?"
"गद्दी वापस आई." गेटची कडी लावत, "रोती बहुत थी, मैडम. पूरा दिन दरवाजे पे."
परत वर जाऊन मिसेस के.ना फैलावर घेतलं, चांगलं पंधरा मिनिटं, इंग्लिशमध्ये. एकही शब्द चुकला नाही. उपयोग शून्य.

९ फेब्रु.
पोस्टरं छापली. फोटो, खाली इंग्लिशमध्ये "बेला या नावाला ओ देते." आमच्या सबंध जेसल पार्क भागात लावली. सुगंधाने जिन्यातलं एक मला वाचायला लावलं.
"बेला कोन?"
"चिंगी. त्यांनी ठेवलेलं नाव."
"बरं. आनि कुत्री सोडली तिकडं, मग कागद हिकडं कशाला?"
संताप आला होता. बहुधा तिचाच.

१२ फेब्रु.
रिक्षाने उत्तनपर्यंत जाऊन आले. मध्ये मध्ये उतरून चिंगी, चिंगी. सुकत घातलेल्या मासळीच्या रांगा, ऊन, पाच कुत्री आली, ती नाही. मासळी उलटणाऱ्या एका बाईने पाणी दिलं. मी दहा मार्कांच्या फॉर्मविषयी काही सांगितलं नाही.
सुगंधाचा रोज सकाळी पहिला प्रश्न, "गावली का?" रोज नाही म्हणायचं. मिसेस के. विचारतसुद्धा नाहीत.

१९ फेब्रु., गुरु.
सुगंधाने विचारणं बंद केलं. आज चौथा दिवस. जिना पुसताना गुणगुणतेसुद्धा. म्हणजे जीव लावला होता तो इतकाच, आठवडाभर पुरला. माझे चार मार्क जास्तच होते.

२१ फेब्रु., शनि.
दुसऱ्या मजल्यावरच्यांनी उरलेली मटणाची हाडं पिशवीत घालून सुगंधाला दिली. तिनेच मागितली होती. ती माळकरी नाही, पण हाडं चघळत बसणाऱ्यांतलीही नाही. खाली वाकली तेव्हा पदराला तांबडे केस दिसले.
मी पायरीवरच बसले.
"कधी?"
कधी काय, असं तिने विचारलं नाही. "गेल्या रयवारी. उत्तनच्या अलीकडं, मासळी सुकवतात ना, तिथं. कामावरनं सुटले की जायचे चालत. इचारत इचारत. कान कापलेली तांबडी बघितली का."
"मला सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही परत कुनाला तरी दिली असती."
बादली उचलली आणि खालच्या मजल्यावर गेली. अजून ओल्या पायरीवर मी. साडी भिजलेली घरात आल्यावर कळलं.
परवाचं पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं. राहू दे.

२२ फेब्रु., रवि.
मोरव्याला गेले. न विचारता, बिस्किटांचा पुडा घेऊन, पाहुण्यासारखी. चिंगी ओट्यावर. पुढच्या पायाला हळद आणि फडकं. मला बघून शेपटी आपटली, उठली नाही. दार त्या दिवसासारखंच सताड उघडं. रस्त्याने बस गेली. तिने कानसुद्धा हलवला नाही.
मी म्हटलं, नवा फॉर्म करू, रीतसर तुझ्या नावावर.
"कागद नको. माझं ऐका. दिवसा मी नसते, ते तुमचं खरं हाय. पाय असा, गाड्या अशा. मला कामावर जीव लागत न्हाय." मग सरळ व्यवहाराचं बोलली. रिक्षा भाच्याची. सकाळी कामावर येताना ती चिंगीला घेऊन येईल, तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे सोडेल, तिची तीन बिल्डिंगची कामं आटोपली की तीनला परत नेईल. "दिवसा घरी कोन न्हाय म्हनून मार्क कापलेत ना? तुम्ही तर दिवसभर घरीच."
मी म्हटलं, विचार करते. गुडघे आहेत. सेक्रेटरी आहे. मुलाचं म्हणणं आहे.
"केतकरांना दोन दिसांत दिलीत. आता इचार?" चहा पुढे केला. आवाज चढलेला नव्हता. "बाई, येवढी कुत्री वाटलीत लोकांना. तुमचं घर कोनी तपासलं का कधी?"
चहा गोड होता फार. सगळा प्यायले.

२३ फेब्रु., सोम.
सुगंधा एकटीच आली. माझ्या दारासमोरची लादी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत होती.
जेवणानंतर कोरा फॉर्म काढला. माझ्याच नावाचा. पूर्ण वाक्यांत लिहायला घेतला. खिडक्यांना ग्रिल आहे. जवळपास जनावरांचा डॉक्टर आहे. सोसायटीची हरकत आहे, तिच्याशी भांडायला वेळही आहे. दिवसा घरी मी असते. रोज असते, रिटायर झाल्यापासून. दुसरं कुणी नसतं.
तेरा झाले. चौदावा मी खास घातला होता, लोकांना पकडायला. "यापूर्वी स्वतःजवळचं कुत्रं दुसऱ्याला दिलं आहे का? असल्यास, का?"
लाल पेन्सिलीला टोक करून झालं. "हो, चिंगी" एवढं लिहिलंय; "का"ची जागा कोरी, पेनाचं टोपण उघडंच आहे.
खाली नळाखाली बादली विसळल्याचा आवाज. तीन वाजत आले. सुगंधा निघेल आता.