माठाएवढा गुरू, लिंबाएवढी पृथ्वी

बाबा, तुम्ही घडवलेला मातीचा गुरू ग्रह अजून शाळेच्या व्हरांड्यात धडधाकट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. गुरुजी आपल्या अंगणात आले तो दिवस मला लख्ख आठवतो. चाक फिरतंय, तुमचे हात कोपरापर्यंत चिखलाचे, मी मडकी भाजायच्या आव्याजवळ गोवऱ्या रचतेय. पोरांना दाखवायला आठ ग्रह करून द्या, असं गुरुजी म्हणाले आणि तुम्ही मोठ्या तोऱ्यात हो म्हणालात. कोणता केवढा, हे विचारायचं नाव नाही. गुरुजी पुन्हा आले तेव्हा तुमची पृथ्वी माठाएवढी होती आणि बाकीचे सातही जण तिच्याभोवती बोरं-लिंबं होऊन बसले होते.

"उलटं झालं नं हे," गुरुजी हसले. "माठाएवढा गुरू पाह्यजे. पृथ्वी लिंबाएवढी."

"लिंबाएवढी? काहून? आपण राह्यतो नं तिच्यावर!"

गुरुजींनी मग समजावलं. अकरा पृथ्व्या ओळीने मांडल्या तेव्हा कुठे गुरूची रुंदी भरते. गुरू पोकळ असता तर त्याच्या पोटात हजारावर पृथ्व्या मावल्या असत्या. शनी त्याच्याहून थोडाच लहान. युरेनस आणि नेपच्यून तांब्याएवढे, शुक्र जवळपास पृथ्वीएवढाच, मंगळ सुपारी आणि बुध रानबोर. सूर्य करायचा तर तो शाळेमागच्या विहिरीच्या तोंडाएवढा होईल म्हणाले, तेव्हा तुम्ही घाईघाईने हात जोडलेत. सूर्य राहू द्या म्हणालात.

त्या संध्याकाळी तुम्ही ताटावर बसलात, पण घास उचलेना. मातीचं ते लिंबू तळहातावर फिरवत होता. "आपण सारे याच्यावर," तुम्ही म्हणालात. "अन् गेलेले? आजा, पणजा, तेयचे बाप? सारे इतक्याशात मावून राह्यले?" आई वैतागली. "कायले डोकं फोडून राह्यले? जेवा निमूट." पण तुमचंही चुकत नव्हतं. अक्षय तृतीयेला सारं गाव आपापल्या मेलेल्यांना पाणी द्यायला आपल्याच अंगणातून घागरी न्यायचं. गावातले गेलेले किती, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शेवटी लिंबू खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "गुरूत असतीन. तिथं जागा हाय." आणि जेवलात.

मोठे चार ग्रह तुम्ही दोन-दोन अर्धुकं जोडून केलेत. आव्यात फुटू नयेत म्हणून प्रत्येकाला बोटभर भोक ठेवलंत. वैशाखाचा वारा सुटला की ती भोकं वाजतात. तांब्याएवढे दोघे शीळ घालतात, शनी हुंकारतो, आणि गुरूचा आवाज इतका खालून येतो की तो कानाआधी पोटात कळतो. तुम्ही होता तोवर त्याला सगळे हसायचे. तुम्ही गेलात आणि गावाचे कान बदलले. गुरूतल्या जागेची ती गोष्ट तुम्ही चावडीवर सांगून ठेवलेली होतीच. आधी समोरची म्हातारी येऊन गुरूपुढे पाणी ठेवायला लागली. यंदा अक्षय तृतीयेला तिथे घागरींची रांग लागली, त्याही घाटंजीच्या बाजारातून आणलेल्या, कारण आपलं चाक आता कोणी फिरवत नाही. माणसं वाकून भोकात बोलतात.

शेजारच्याच खोलीत माझी अंगणवाडी आहे. एका पोरीने घरी जाऊन सांगितलं, "आतला आबा मले नावानं बोलावते." दुसऱ्या दिवसापासून पोरं येईनात. तपासणीला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, या गुरूचा आवाज बंद करा, नाहीतर मी फोडून टाकते. तुमच्या हातचे हे ग्रहच तेवढे गावात उरलेत. त्यातला गुरू फुटलेला मला पाहवला नसता.

गेल्या आठवड्यात एका भर दुपारी ओल्या मातीचा गोळा घेऊन गेले. आधी कान लावला. वारा नव्हता, कडुनिंबाचं पान हलत नव्हतं, तरी आत बारीक घुमत होतं. आपलंच रक्त वाजतंय, असं मी मनाला बजावलं. तेवढ्यात म्हातारी आली. "थांब माय, माह्या बुढ्याले सांगू दे." वाकून ती आत म्हणाली, "सांभाळून राहा जी. हे पोरगी दार लावून राह्यली." आणि मागे न बघता निघून गेली. मी तोंड लावून एकदाच हाक मारली, "बाबा." आतलं घुमणं थांबलं. कोणी बोलता बोलता ऐकायला थांबावं, तसं थांबलं. मी अंगठ्याने माती दाबली.

पोरं परत यायला लागलीत. मॅडम खूश आहेत. भोक उघडं असतं तर हा कागद गुंडाळून आत सरकवला असता, आता तो माझ्याजवळच राहील. पोरांसाठी बुजवलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. पण कच्ची माती वाळली की आकसते, तिला भेग पडते, हे कुंभाराच्या पोरीला काय सांगायचं? म्हणून रोज सकाळी पोरं यायच्या आधी जाते आणि तिच्यावरून ओला अंगठा फिरवते. आवाजासाठी नाही, बाबा. तुम्ही आत असाल, तर जाऊ नये म्हणून.