सड्याचं गाऱ्हाणं

अण्णा,

मला भीती वाटते आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण लांबण लावलेली बातमी तुम्हाला हयातीत कधी आवडली नाही. गेल्या रविवारी लालबागला आपल्या गावकीच्या खोलीत मंडळाची सभा होती. गिरणीची पाळी संपवून आलेली आपल्या गावची माणसं जिथे आळीपाळीने पथाऱ्या टाकायची आणि आमदार झाल्यावरही ज्या उंबऱ्यावर बसून तुम्ही लोकांची कामं ऐकायचात, ती खोली. आता तिथे कोणी राहत नाही. सभा होतात आणि गणपतीचं सामान असतं. खाली मिरच्या कांडायचं यंत्र सुरू झालं की वर बसलेले सगळे अजूनही खोकतात.

विषय एकच होता, सडा. आपल्या गावच्या वरच्या अंगाला जांभ्याचा जो उघडा माळ आहे, तिथे मोठा रासायनिक कारखाना येऊ घातला आहे. जमीन गावाची सामाईक, सगळ्या घरांची संमती लागते. सगळ्या घरांनी होकार दिला, काकाने दिला नाही. तुमचा धाकटा भाऊ गावात एकटाच राहतो. त्याचं म्हणणं साधं आहे: सड्यावर मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं, वर रसायन आलं की विहीर गेली. मंडळाचे सेक्रेटरी मला म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही उभं राहून एवढंच सांगा की हे अण्णांचं स्वप्न होतं. म्हातारा ऐकेल. गेटला अण्णांचं नाव द्यायचं पण आमचं ठरलंय."

स्वप्न होतं का, अण्णा? मी विधानभवनात बातमीदार म्हणून पहिल्यांदा गेले, त्या अधिवेशनात तुम्ही प्रादेशिक विकासाच्या चर्चेत उठलात. विदर्भाचे सदस्य त्यांचा अनुशेष मांडून झाले होते, मराठवाड्याचे मांडून झाले होते. तुम्ही कोकणाचं काढलंत तेव्हा समोरून कोणीतरी टोमणा मारला, "सन्माननीय सदस्य परळचे आहेत, कोकण त्यांच्या मतदारसंघात कधी आलं?" आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "अध्यक्ष महाराज, माझा मतदार परळला झोपतो आणि त्याची बायको कोकणात झोपते. त्या दोघांना एका छपराखाली आणील असा कारखाना मला हवा आहे." दोन्ही बाजू हसल्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच वाक्य छापून आलं, मीही तेच दिलं. मंडळाचे लोक आज त्यातला 'कारखाना मला हवा आहे' एवढाच भाग सांगत फिरतात.

ते भाषण तुम्ही आदल्या दिवशी स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं होतंत. आई पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कारखानो आणशात, पण तेचो धूर खंय जातलो?" तुम्ही म्हणालात, "तू विरोधी पक्षात बस बघू." सगळे हसलो. उत्तर तुम्ही दिलं नाहीत. दिलं असतंत तर आज मला उपयोगी पडलं असतं.

तर सभा. सुरुवातीला गाऱ्हाणं झालं. वयाने सगळ्यांत थोर असलेले मानकरी उभे राहिले, हातात नारळ. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा हयसर जमली हत, तेंका सांभाळून घे म्हाराजा." खोली म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणाले. मुंबईत वाढलेल्या पोरींनाही तेवढं येतं. पोराबाळांना सुख दे, व्हय म्हाराजा. आजारी माणसाला उठव, व्हय म्हाराजा. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि म्हाराजा, सड्यावरच्या कामाक जो कोण आडवो येत, तेका वाटेतून बाजूक कर म्हाराजा." आणि अख्खी खोली, पहिल्यापेक्षा जोरात, "व्हय म्हाराजा!"

माझा आवाज त्यात नव्हता. शेजारच्या बाईने वळून पाहिलं, मग तिच्या शेजारचीने. उरलेली सभा झालीच नाही म्हटलं तरी चालेल. निर्णय देवाला सांगून झाला होता.

विधेयक आवाजी मतदानाला टाकलं की तुमचा आवाज मला पत्रकार गॅलरीत ऐकू यायचा, होय असो की नाही. एकदा मी विचारलं, इतकं ओरडायची काय गरज? तुम्ही चिडलात. म्हणालात, "गप्प बसलेल्याची बाजू तो स्वतः ठरवत नाही. अध्यक्षांची खुर्ची ठरवते." माझी बाजू जिन्यावरच ठरली. सेक्रेटरी माझ्याबरोबर खाली उतरले, अगदी अदबीने. "काकांना जपा हो, ताई. एकटा माणूस. उद्या काही झालं तर चार खांदे तरी लागतात ना?"

वाळीत टाकणं गुन्हा आहे. तो कायदा आला तेव्हा त्याची बातमी मीच केली होती. पण काकाच्या घरी आता दूधवाला येत नाही, आणि त्याला आणायला मी पोलीस पाठवू शकत नाही. परवा काकाचा फोन आला. "कोरी चाय पितंय गो. साखरेच्या दुखण्याक बरी." मी म्हटलं, काका, इकडे ये, दादरला माझ्याकडे राहा. "कित्याक? माका कोण खाता?" मग म्हणाला, "आयकलंय मी. सगळे ओरडत होते नि तू एकटा गप रवलंस. माझ्या भावाचा चेडू शोभतंस गो." मागे कुठलाच आवाज नव्हता. त्याच्या अंगणात इतकं शांत कधीच नसायचं.

येत्या रविवारी परत सभा आहे. मी जाणार आहे आणि उभी राहून 'नाही' म्हणणार आहे, मोठ्याने. निदान तसं ठरवलं आहे. सभेनंतर तशीच गावी निघेन, काकाच्या घरात रात्री दुसरं माणूस असावं म्हणून.

पण एक गोष्ट काकाला सांगायची छाती होत नाही, म्हणून जिथे पत्र पोचणार नाही तिथे लिहिते आहे. त्या दिवशी मी विरोध म्हणून गप्प राहिले नव्हते. मी 'व्हय' म्हणणार होते, अण्णा. तोंड उघडलंही होतं. भीतीने आवाज निघाला नाही, एवढंच.