प्रज्ञाची अर्पणपत्रिका

३ फेब्रु., सोम. वॉटर्लू, कॅनडा
उणे १४. वारा वायव्येचा. नौदल सोडून अठरा वर्षं झाली, तरी रोजनिशी हवामानानेच सुरू होते. लेकीच्या बेसमेंटपुढचा बर्फ काढला. प्रज्ञा ओरडली, "बाबा, शोव्हल मी करते ना! तुमची पाठ!" पाठ माझी, काळजी तिला. बरं वाटलं.
संध्याकाळी तिच्या पीएचडीच्या गाईडांकडे जेवण. ते स्वतः माझी प्लेट वाढून घेऊन आले. मी ताडकन उभा. ते बसेपर्यंत उभाच. परत येताना प्र. हसत होती. "बाबा, अकरा वेळा सर म्हणालात! इथे सगळे फर्स्ट नेमच घेतात." अठ्ठावीस वर्षं खलाशी होतो. साहेबाने वाढलेलं कधी खाल्लं नव्हतं.

५ फेब्रु.
प्र.चा प्रबंध वाचतोय, डिक्शनरी घेऊन. विषय फ्रेंच राज्यक्रांतीतलं नौदल. सरदार घराण्यांतले अधिकारी देश सोडून पळाले, जहाजांना कप्तान उरले नाहीत. मग व्यापारी जहाजांवरचे, खलाशांतले लोक वर घेतले. इथवर झकास. पण तरबेज तोफचींची पलटणच मोडली, का, तर त्यांना वेगळा मान नको! मी स्वतः तोफेवरचा माणूस, डोकंच फिरलं. म्हटलं, "तोफ समतेने चालत नाही, सरावाने चालते."
"बाबा, हे वाक्य मी चोरणार."
चोर म्हटलं, पोरी.

६ फेब्रु.
उणे १९. तिसरं प्रकरण. काही खलाशांना अधिकारी करायला निघाले, तर त्यांनीच नको म्हटलं. खाली प्र. लिहिते, कारण नोंदलेलं नाही.
पुढे वाचवेना.

७ फेब्रु.
तिने अर्पणपत्रिका दाखवली. इंग्रजीत दोन ओळी. 'माझ्या बाबांना. ते अधिकारी होण्याच्या लायकीचे होते. जातीमुळे त्यांना होऊ दिलं नाही.' छान आहे म्हणालो. तिने गळ्यात हात टाकले. लाज वाटली.
खरं काय ते इथे तरी लिहितो. आमच्या कप्तानांनी माझी शिफारस केली होती. लेखी पास झालो. राहिला फक्त बोर्डाचा इंटरव्ह्यू. आदल्या दिवशी कळलं, नंतर अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांच्याबरोबर जेवण. सकाळी बूट चमकवले, बोर्डाच्या दारापर्यंत गेलो. आतून हसण्याचा आवाज आला. परत फिरलो. घरी सांगितलं, "घेतलं नाही." प्र. तेव्हा पाच वर्षांची. बाकीचं तिने मोठी होताना स्वतःच जुळवलं. मी जुळवू दिलं.

९ फेब्रु., रवि.
नागपूरला कमलला फोन. तिला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणाली, "मंगळवारी सबमिट करणार ना ती? त्याच्या आत सांगा. पोरगी आपल्या नावावर खोटं छापून बसेल." बायको म्हणते ते बरोबर. नेहमीसारखंच.
ती दिवसभर फुटनोट्समध्ये. जमलं नाही. वरणाला फोडणी दिली, तीही करपली.

१० फेब्रु.
सांगितलं. बूट, दार, सगळं. तिने लॅपटॉप मिटला. मग,
"आईला माहीत होतं?"
"हो."
"इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनच्या कार्यक्रमात मी स्टेजवरून सांगितलं, जातीमुळे तुम्हाला घेतलं नाही म्हणून, बाबा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते."
मान वर करता येईना.
"घाबरलात कशाला पण?"
म्हटलं, इंटरव्ह्यूची भीती नव्हती. तोफेबद्दल काय विचारायचं ते विचारा. जेवणाची होती. आपल्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली तर?
ती उठून गेली. थोड्या वेळाने येऊन माझ्या खांद्यावर शाल टाकली.

११ फेब्रु., मंगळ.
उणे ८, वारा पडलाय. सकाळी दोघांनी पोहे खाल्ले. राग दिसत नाही. असता तर बरं झालं असतं.
"बाबा, एकच सांगा. आत गेला असतात, तर घेतलं असतं त्यांनी?"
इतकी वर्षं हेच स्वतःला विचारायचं टाळलं. आत जाऊन नाकारला गेलो असतो, तर न घेतल्याचा राग तरी उरला असता. मी तोही ठेवला नाही.
"माहीत नाही, बाळा."
सबमिशन चारला. आता अडीच. मघाशी चहा ठेवायला गेलो तेव्हा स्क्रीन दिसली. दोन्ही ओळी पुसल्यात. 'माझ्या बाबांना' एवढंच ठेवलंय, त्यापुढे स्वल्पविराम. ती त्याच्याकडे बघत बसली आहे.