बंद केलेली घंटा

कराड, ८ फेब्रुवारी १९९८, रविवार

आजही वाजली. मीच बंद केलेली, तरी.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळाची एक छोटी चौकट मी बनवली होती. रविवारी संध्याकाळी, यांचा फोन यायच्या जरा आधी, तिच्यातली घंटा वाजायची. मग यांची पलटण वरच्या चौकीवर गेली. तिथे फोन नाही. तरी घंटा झाली की सासूबाई उठायच्या, फोनपाशी जाऊन पदराने रिसीव्हर पुसायच्या. मला ते बघवेना, म्हणून घंटा बंद केली. मग ती वाजते कशी?

आज प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. सापडलं. बंद केलेली घंटा आपणहून वाजत नाही, एवढंच. पण घड्याळ दर रविवारी तिला हाक मारतं, आणि हाक आली की ती वाजते. हाकेची ती एक ओळ खोडली की झालं.

"काय खुडबुड चाललीया गं?" सासूबाई मागे येऊन उभ्या.

"घंटा कायमची बंद करते, आत्ती."

"नगं. वाजू दे. मला रविवार कसा कळायचा?"

"कॅलेंडर आहे की."

"त्ये काय बोलतंय व्हय? गप भिताडाला टांगलंय."

एवढं बोलून त्या फोनपाशी गेल्या आणि रिसीव्हर पुसू लागल्या. मघाशी पुसलेलाच.

ओळ खोडली नाही. फोनचं स्टूल त्यांच्या खाटेजवळ सरकवलं. वायर जेमतेम पुरली.