जाम इंजिन, पक्की तारीख

रविवार, १० नोव्हेंबर २०२४
आजपासून सगळं लिहून ठेवणार. शिस्त हवी.
रिटायर झाल्यावर घेतलेली जुनी कॅम्पर व्हॅन महिनाभर बिल्डिंगखाली उभी आहे. मागे पलंग, शेगडी, छोटं बेसिन. पहिल्याच ट्रिपला घोडबंदर रोडवर इंजिन जाम. तापमानाचा काटा लालवर गेलाय असं बायकोने, वनमालाने, तीनदा सांगितलं होतं. पण जुन्या गाड्यांचे काटे खोटं बोलतात. चूक आधीच्या मालकाची.
इंजिन स्वतः बांधणार. एकतीस वर्षं मशिनरीच्या फाइली हाताळल्यात. थिअरी पक्की आहे.

सायं. ७
थोरल्या बहिणीला, रत्नप्रभाताईला, वाकोल्याला फोन. कमरेमुळे तिला तासभरही बसवत नाही. चार वर्षं कोकणात गावच्या जत्रेला गेली नाही. शब्द दिला: शनिवारी, तीसला जत्रा. शुक्रवारी सकाळी सहाला गाडी दारात. मागे झोपून यायचं. ताई खूश.
वनमाला म्हणाली, ट्रेनमध्येही बर्थ असतात. मुद्दा नोंदवला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
इंजिनचं वरचं झाकण, हेड, खोललं. चारपैकी दोन पिस्टन चिकटलेले. व्हिडिओत म्हणतात, डिझेल ओता आणि थांबा. थांबलोय. काम वेगात.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
लांब पाइप लावून पिस्टन सोडवले. पाठ धरली.
साकीनाक्याच्या धोंडिराम मेकॅनिकला आणून दाखवलं. त्याने सिलिंडरमध्ये बोट फिरवलं. म्हणाला, ओरखडे खोल आहेत, बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेतल्याशिवाय चालवू नका, दहा दिवस लागतील. हे लोक काम वाढवूनच सांगतात. पॉलिश पेपरने स्वतः घासलं. दिसायला झकास.

रविवार, २४ नोव्हेंबर
इंजिन जोडून झालं. तीन बोल्ट उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.

मंगळवार, २६ नोव्हेंबर. दुपारी ४.१०
सुरू झालं. चार मिनिटं चाललं. बंद पडलं नाही, मी केलं. (धुरामुळे पहिल्या मजल्यावरून तक्रार.)
ताईला कळवलं, गाडी तयार. तिने ओटीचं सामान आणून ठेवलंय. देवेशला, तिच्या मुलाला, खात्री वाटत नाही म्हणे. त्याला सांग, मामा आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. सायं. ५
ट्रायलला काढली. गेटपाशी कडाकडा आवाज, परत जाम. वॉचमनने आणि मी ढकलून आत आणली. किरकोळ असावं.
ताईला आत्ताच सांग, वनमाला म्हणते. उगाच घाबरेल. पहाटे सोडवतो, मग फोन. वनमालाला सांगून टाकलं, कळवलंय. म्हणजे तिची झोप मोडायला नको.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. दुपारी २
पहाटे चारपासून गाडीखाली. फोन मुद्दाम वर घरात ठेवला, लक्ष विचलित होतं. पिस्टन हलत नाही.
साडेबाराला देवेश आला. रागावलेला नव्हता. तेच अवघड गेलं.
त्याने सांगितलं: आई साडेपाचपासून वाकोल्याला त्यांच्या बिल्डिंगच्या गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. शेजारी बॅग, मांडीवर नारळ. गाडी लागते म्हणून काही खाल्लं नव्हतं. आठला तो मला फोन लावायला लागला, तर तिने हात धरला. ‘तो गाडी चालवीत आसतलो. फोन करू नको.’
नऊला पुन्हा तेच. अकरा वाजता तिला उठवेना. दोघांनी उचलून वर नेलं.
मी त्याला पिस्टन दाखवायला लागलो. त्याने बघितला. म्हणाला, मामा, हात धुऊन घ्या, रक्त येतंय.

रविवार, १ डिसेंबर
काल जाणार होतो. गेलो नाही. आज रिक्षाने वाकोल्याला.
ताई झोपूनच होती, कमरेला पट्टा. ओटीचं सामान तसंच टेबलावर. काल जत्रा होऊन गेली.
वाटेत एक वाक्य तयार केलं होतं, त्यात आधीचा मालक होता, धोंडिराम होता, गॅस्केट होतं. ते आलं नाही. म्हटलं, ‘ताई, गाडी गुरुवारीच बंद पडली होती. मी कळवलं नाही.’
तिने कमरेचा पट्टा जरा सैल केला.
‘मगे तसा सांगूचा होता. देवेशान रेल्वेचा तिकीट काढलेल्यान. मियाच गुरुवारी राती रद्द करूक लावलंय.’